डाव्या पायाचं दुसरं बोट

चाक रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान होतं आणि त्याचा आवाज दाढ कोरताना येतो तसा होता. डॉक्टर अनुजानं माझ्या बायकोच्या डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटातल्या जोडव्याखाली एक पातळ पट्टी सरकवली, वर चाक टेकवलं आणि अर्ध्या मिनिटात चांदी कापली. दोन चिमट्यांनी फाकवून तिनं जोडवं स्टीलच्या ट्रेमध्ये टाकलं. 'टक्' एवढाच आवाज झाला आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. अक्काताई माझ्याकडं बघत राहिली. तिला काहीच दुखलं नव्हतं. साखरेच्या आजारानं तिच्या पायातली जाणीव गेली होती. पावलं तिचीच होती, पण तिथून बातमी येणं बंद झालं होतं. "तुम्हाला काय झालं ओ?" ती म्हणाली. "माझं कापलंय, तुम्ही का उठताय?" मी बसलो. एकेचाळीस वर्षं चांदीखाली असलेली कातडी पहिल्यांदाच उघडी दिसत होती. पिशवीत ठेवलेल्या मुळ्यासारखा पांढरा पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला, तळव्याकडं, शेंगदाण्याएवढी काळपट जखम. मला जखम आधी दिसायला हवी होती. आधी दिसला तो पट्टा. मी शाळेत तेहेतीस वर्षं विज्ञान शिकवलं, जे दिसतं ते दिसलं तसं सांगावं असं मुलांना सांगत आलो, म्हणून इथंही तसंच लिहितो.

अनुजा हातमोजे काढत म्हणाली, "सर, ही जखम जोडव्याच्या खाली होती. वरून दिसतच नाही. बाईंना तर कळणं शक्यच नव्हतं. मग तुम्हाला कशी दिसली?" ती आम्ही राहतो त्या बावड्याच्या शाळेत आठवीला माझ्या वर्गात होती, दुसऱ्या बाकावर, हात सतत वर. आता राजारामपुरीत तिचा फक्त पायांचा दवाखाना आहे. प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत न बोलता थांबायची तिची सवय अजून तशीच होती. मी म्हणालो, "दिसली." "अहो पण कशी? माझ्याकडं माणसं बोट काळं पडून वास सुटल्यावर येतात. तुम्ही त्याच्या आधीच आलात." मी म्हणालो, "चालताना जरा वेगळं वाटलं." हे खरं होतं, पण उत्तर म्हणून अपुरं होतं. वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी 'बस खाली, नीट आठवून सांग' म्हटलं असतं.

नीट सांगायचं तर असं. आमच्या घरात न्हाणीघरापासून देवघरापर्यंत शहाबादी फरशी आहे. सकाळी सात वाजता अक्काताई आंघोळ करून ओल्या पायांनी त्या फरशीवरून जाते आणि तिच्या मागं पावलं उमटतात. अकरा पावलं. मी खुर्चीत पेपर धरून बसलेला असतो. पेपरच्या खालच्या कडेवरून मला ती पावलं दिसतात. टाच, मग कमान, जिथं फरशी कोरडीच राहते, मग चवड्याचा रुंद भाग आणि त्यापुढं पाच ठिपके. पहिलं पाऊल वाळायला लागतं तेव्हा अकरावं उमटत असतं. मी ते वाळेपर्यंत बघतो. थंडीत जास्त वेळ मिळतो, उन्हाळ्यात कमी. गेली तीसेक वर्षं माझ्या दिवसातली ही पहिली सुखाची गोष्ट आहे आणि ती मी कुणालाही सांगितलेली नाही. दवाखान्यात येण्याआधीच्या गुरुवारी डाव्या पावलांना चारच ठिपके होते. दुसरं बोट फरशीला टेकत नव्हतं. मी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणालो, "अगं, पायाला काय झालंय?" ती म्हणाली, "काय न्हाय. कुठं काय?" मग मी तिला खुर्चीवर बसवून बोट खालून बघितलं.

बायकोचे पाय मला आवडतात. 'आवडतात' हा शब्द इथं पुरत नाही, पण दुसरा माझ्याकडं नाही. आंबा आवडतो, पहाटेचा गारवा आवडतो, तसं ते नाही. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मला कळलं की नवऱ्यांना बायकोच्या चेहऱ्याकडं, केसांकडं बघून जे होतं म्हणतात, ते मला तिच्या पावलांकडं बघून होतं. मी घाबरलो. आमच्या घरात पाय ही वंदन करायची गोष्ट. मुनिमहाराज आहाराला आले की वडील पितळी परातीत त्यांचे पाय धूत, ते पाणी आम्ही सगळे डोक्याला लावत असू. देवळात तीर्थंकरांचे दगडात कोरलेले चरण; त्यांच्यापुढं वाकलं की मनातलं सगळं बोलणं थांबायचं. आता तोच शब्द, तोच अवयव, आणि माझ्या मनात भलतंच. दोन्हींची कुठं सरमिसळ तर होत नाही ना, म्हणून मी कितीतरी महिने देवळात गेल्यावर स्वतःलाच तपासत असे. होत नव्हती. तिथं शांत वाटायचं, घरी अस्वस्थ. दोन खोल्यांमधली भिंत पक्की आहे हे कळल्यावर थोडा धीर आला. पण घरातल्या खोलीचं दार मी कधी उघडलं नाही. मला लागायचं ते निमित्त. थंडीत तिच्या भेगांना कोकमतेल लावून देतो. काटा मोडलाय का बघतो. नखं तू नीट काढत नाहीस, आण इकडं. एकेचाळीस वर्षं मी निमित्तांवर काढली आणि अक्काताई मैत्रिणींना सांगायची, "आमचे हे भारी सेवाभावी हैत."

मी मुळात शिक्षक. जे कळत नाही ते पुस्तकात शोधायचं, ही सवय. लग्नानंतरच्या दिवाळीत मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन मानसशास्त्राचं एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि जिथं कुणी येत नाही अशा कोपऱ्यात बसून वाचलं. त्यात या गोष्टीला नाव होतं आणि ते नाव 'विकृती' या मथळ्याखाली होतं. व्हिएन्नाच्या एका जुन्या डॉक्टरचं मत दिलं होतं, की माणूस एखाद्या भीतीपासून तोंड फिरवतो आणि त्या क्षणी जी वस्तू शेवटची नजरेत असते तिलाच धरून बसतो. दुसऱ्यांचं मत कुत्र्याच्या प्रयोगाचं. घंटा आणि खाणं वरचेवर एकत्र आलं की पुढं नुसत्या घंटेनं लाळ सुटते. तो प्रयोग मी वर्गात टेबलावर हातोडी आपटून रंगवून सांगत असे. ग्रंथालयात बसून मी माझी घंटा शोधली. लहानपणापर्यंत मागं गेलो. सापडलं ते एवढंच, की मला गोवर आला होता तेव्हा मी माजघरात घोंगडीवर पडलेला होतो आणि दाराच्या फटीतून कामाला जाणारी-येणारी पावलं दिसायची. आईची, काकूची, वडिलांची, गड्याची. पावलं दिसली की माणसं आहेत असं वाटून झोप लागायची. त्यात धीर होता, दुसरं काही नव्हतं. भीती म्हणावी तर नव्हती आणि घंटा म्हणावी तर ती गोवर झालेल्या सगळ्याच पोरांना ऐकू आली असती. मी पुस्तक परत केलं. कव्हर मात्र काढून खिशात ठेवलं.

खरं सुरू झालं ते शिरोळकडं, अक्काताईला बघायला गेलो तेव्हा. मी सव्वीसचा, नोकरीला लागलेला, ती बावीसची. सोप्यात, म्हणजे बाहेरच्या बैठकीत, घोंगडं अंथरलं होतं. माझ्या बाजूला मामा, समोर तिचे अण्णा. ती पोहे घेऊन आली आणि मी मान खाली घातली. मान खालीच राहिली. आतून बाहेर, बाहेरून आत, तिच्या पायांच्या चार फेऱ्या झाल्या. टाच गोल, घोट्यावर एक जुना ओरखडा, दुसरं बोट अंगठ्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढं लांब. पायांना मेंदीही नव्हती आणि पैंजणही नव्हते, नुसते धुतलेले पाय. परत येताना एसटीत मामांनी विचारलं, "काय मग? पोरगी पसंत?" मी म्हणालो, "हो." "नाक जरा बसकं न्हाय व्हय?" मी तिकिटाची घडी घालू लागलो. "आरं, तोंड तरी बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं. मामा हसून हसून ठसकले आणि तेव्हापासून ही गोष्ट दोन्ही घरांत लग्नामुंजीत, बारशाला सांगितली जाते. शांतिनाथ एवढा लाजाळू की बायकोचं तोंड त्यानं अंतरपाट दूर झाल्यावर बघितलं. मीही हसतो. माझं गुपित त्या विनोदात एकेचाळीस वर्षं सुरक्षित राहिलं. कधी वाटतं, यात माझं एकट्याचं तरी काय होतं? चेहरा बघायला परवानगी लागत होती, पाय बघायला लागत नव्हती. डोक्यावरून पदर, खाली बघून चालणाऱ्या बायका, खाली बघून बसणारे पुरुष. सगळ्या सोप्याची नजर जमिनीला लावल्यावर जमिनीवर जे चालतं तेच दिसणार. पण मग मामांची नजरही जमिनीलाच होती आणि त्यांना नाक दिसलं. म्हणजे हेही उत्तर पूर्ण नाही.

अनुजा एक्स-रे दिव्यासमोर धरून बोलत होती. जोडव्याखालचं हाड पोखरलं होतं. बोट काढावं लागणार होतं, एवढंच, पाऊल वाचणार होतं. "चार दिवस उशीर झाला असता तर मी हे असं सांगू शकले नसते, बाई." मग बाईंना पायातलं का कळत नाही हे समजावायला ती भिंतीकडं वळली, आणि तिथं तो तक्ता होता. मेंदूचा आडवा छेद आणि त्याच्या कडेनं पसरलेला माणूस: मोठे ओठ, मोठे हात, बारीक धड, आणि मेंदूच्या फटीत आत लोंबणारा पाय. शरीराच्या कुठल्या भागाची बातमी मेंदूत कुठं पोचते त्याचा नकाशा. आमच्या शाळेतल्या तक्त्यावर पायाच्या खाली हेडमास्तरांनी खाकी कागद चिकटवला होता, कारण या नकाशात पावलाच्या लगतची जागा जननेंद्रियांची आहे. आठवीच्या वर्गात एका मुलीनं हात वर करून विचारलं होतं, "सर, पायाखाली कागद का लावलाय?" आणि मी म्हणालो होतो, "तिथं शाई सांडलीय." माझ्या नोकरीत मुलाच्या प्रश्नाला मी जाणूनबुजून दिलेलं ते एकच खोटं उत्तर. अनुजानं तक्त्यावर पट्टी ठेवली आणि न हसता म्हणाली, "सर, तिथं शाई नव्हती." मग आम्ही दोघंही हसलो. अक्काताई म्हणाली, "काय ओ, मला पण सांगा की." अनुजानं सांगितलं, मोकळेपणी, पायाचं घर आणि शेजारचं घर कुणाचं ते. काहींचं म्हणणं आहे, ती म्हणाली, की एवढ्या जवळच्या घरांत कधी तारा एकमेकींत गुंततात आणि त्यामुळं काही माणसांना पायांची ओढ असते. पाय कापलेल्या काही लोकांच्या अनुभवावरून तो तर्क निघाला. "पण तर्कच आहे, बाई. सिद्ध झालेला नाही. आणि कुणाला त्रास होत नसेल, दुसऱ्याला इजा होत नसेल, तर आता कुणी त्याला आजार म्हणत नाही. लाखो लोकांना असतं." अक्काताई म्हणाली, "असंल बाई. कुणाला नाक आवडतंय, कुणाला पाय." मी तक्त्याकडं बघत होतो. इजा होत नसेल तर, हे चार शब्द माझ्यापाशी थांबले होते.

कारण श्रावणात आम्ही याच दवाखान्यात तपासणीला आलो होतो. तेव्हा अनुजा बाहेरगावी होती आणि तिच्या हाताखालच्या मुलीनं सांगितलं होतं, "आजी, जोडवी काढा, बोटांच्या मधलं बघायचंय." अक्काताई म्हणाली, "नवरा बसलाय की समोर. काढत न्हाय मी." मुलगी माझ्याकडं बघू लागली. मी 'काढ' म्हटलं असतं तर काम झालं असतं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. ती जोडवी मीच केली होती, लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, गुजरीतल्या सोनाराकडून, जुन्यांपेक्षा जड, तीन वेढ्यांची. तिची बोटं सुजतात हे मला माहीत होतं. सोनारानंही विचारलं होतं, "सर, जरा सैल करू?" मी म्हणालो होतो, नको, सैल असली की फिरतात. घरात ती चालली की फरशीवर टक्क, टक्क वाजायचं. ती स्वयंपाकघरात आहे की परसात हे मी डोळे मिटून सांगू शकत असे. त्या आवाजासाठी आणि त्या बोटावर ती चांदी बघण्यासाठी मी श्रावणात गप्प बसलो. माझ्या आवडीनं जखम शोधली हे खरं, पण जखम केली ती कुणी?

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी अक्काताई पाय उशीवर ठेवून पडली होती. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला होता, खिडकीतून मळीचा वास येत होता. टीव्हीवर अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव दाखवत होते. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत, पायरी पायरीनं पुढं सरकत होती, आणि गर्दी श्वास रोखून होती. पहिला दिवस. किरणं मूर्तीच्या चरणांपर्यंत पोचली आणि घंटा वाजू लागल्या. उद्या कमरेपर्यंत येतील, परवा मुखावर. अक्काताईनं पडल्या पडल्या हात जोडले. एवढं सगळं गाव पायांवर ऊन पडलेलं बघायला दोन तास उभं राहतं आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. मी टीव्हीचा आवाज कमी केला. "अगं, श्रावणात त्या मुलीनं जोडवी काढायला सांगितलं तेव्हा मी गप्प बसलो." "मी न्हाय म्हटलं की. तुम्ही काय बोलणार?" "मी काढ म्हटलं असतं तर काढली असतीस." ती कधी मनाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही. "व्हय," ती म्हणाली, "काढली असती." मग मान वळवून, "मग का न्हाय म्हटला?" आत्ता सांगायचं, असं मी स्वतःला म्हणालो. तोंड उघडलं. "वाईट दिसलं असतं," मी म्हणालो. "हं," ती म्हणाली आणि पुन्हा टीव्हीकडं बघू लागली. पुन्हा शाई सांडली होती.

त्या रात्रीपासून मला एकाच गोष्टीची धास्ती वाटू लागली आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. पट्टी सुटेल तेव्हा तिथं बोट नसेल. ज्या पावलांमुळं मी हे लग्न केलं, त्यातलं एक तसं राहणार नाही. तेव्हा माझी नजर मागं फिरली तर? आणि ती फिरलेली अक्काताईनं बघितली तर? पुस्तकांतल्या सगळ्या मतांचा एकच रोख होता, की अशा माणसाला माणूस दिसत नाही, तुकडा दिसतो. तुकडाच गेला तर मागं काय उरतं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. बोट काढल्यावर वीस दिवस दर दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला नर्स मला बाहेर बसवायची आणि मी निमूट बसायचो. उजव्या पायातलं जोडवंही काढायला लागलं होतं. घर मुकं झालं होतं. मग एका दुपारी परसातून टक्क आवाज आला आणि मी चमकून उठलो. अक्काताई काठी धरून येत होती आणि तिच्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ते उजवं जोडवं अडकवलेलं होतं, किल्ल्यांवर वाजत होतं. "अंगावर असल्याशी कारण," ती म्हणाली. "पायातच पायजे असं कुणी सांगितलंय?" आणि रात्री मला हलवून म्हणाली, "अहो, नसलेल्या बोटात जोडवं टोचतंय ओ." मी तिला तक्त्यातल्या त्या फटीत लोंबणाऱ्या पायाबद्दल सांगितलं, बोट गेलं तरी मेंदूतलं त्याचं घर तसंच असतं, रिकामं घर कधी कधी वाजतं. ती हसायला लागली. "होतं तवा मेलं कायसुदिक कळत नव्हतं. आता गेल्यावर टोचतंय."

शेवटचं ड्रेसिंग अनुजानं स्वतः सोडलं. मला म्हणाली, "सर, या पुढं. आता रोज तुम्हालाच बघायचंय." मी पुढं झालो. कापसाचा शेवटचा थर निघाला. अक्काताई पायाकडं बघत नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. हे मला जाणवलं आणि मग मी खाली बघितलं. अंगठा आणि तिसरं बोट एकमेकांकडं थोडे कलले होते. बाकावरचं मधलं मूल गैरहजर असलं की दोन बाजूंची मुलं नकळत सरकून बसतात, तसे. मधे एक गुलाबी, शिवलेली रेघ. टाच तीच होती, गोल. घोट्यावरचा ओरखडा होता. मी वाट बघितली, माझ्या आत काही मिटतंय का म्हणून. काही मिटलं नाही. जे होतं ते जिथल्या तिथं होतं, उलट त्या रिकाम्या जागेपाशी नजर जरा जास्त रेंगाळली, घरातल्या आजाऱ्यापाशी रेंगाळते तशी. मग मी वर बघितलं. अक्काताईनं नजर काढून घेतली आणि अनुजाला म्हणाली, "चांगलं शिवलंस गं बाय."

अनुजा दर शनिवारी सकाळी पेशंटच्या नातेवाइकांना गोळा करते. तिनं मला गळ घातली, "सर, तुमच्यासारखं शिकवणं मला जमत नाही. पाय रोज कसा बघायचा तेवढं सांगा." शिकवायला सांगितलं की मी नाही म्हणू शकत नाही. वीस-बावीस माणसं होती, बहुतेक मोठी, दोघांसोबत नातवंडं. खडू मिळाल्यावर मला बरं वाटलं. फळ्यावर पाऊल काढलं. उजेडात बघा. टाचेपासून सुरू करा. बोटांच्या मधे बघा, तिथं ओल राहते. हाताच्या पाठीनं ऊब बघा, एखादी जागा जास्त गरम लागली तर थांबा. अंगावरचं काहीही असो, दागिना असो की दोरा, काढून बघा. हे शेवटचं वाक्य बोलताना मी पहिल्या रांगेत बसलेल्या अक्काताईकडं बघितलं नाही. मागून राधानगरीकडचे जोतीराम म्हणून एक शेतकरी उठले. शेजारी त्यांची बायको बयाबाई पायाला पट्टी बांधून बसली होती. "गुरुजी, राग मानू नका. ह्ये एक-दोन दिस हुतंय. रोजच्या रोज बायकोचं पाय धरून बसायचं म्हंजे भावकी काय म्हणंल? आनि कट्टाळा येतोय की वो माणसाला. तुमी रोज कसं बघता? खरं सांगा."

बयाबाई म्हणाली, "बसा खाली. लाज न्हाय." लोक हसले. मी खडू हातात फिरवत उभा होतो. सोपी उत्तरं तयार होती: कर्तव्य आहे, सवय लावून घ्या, डॉक्टरांनी सांगितलंय. पुढच्या रांगेतली एक नात हनुवटी हातावर टेकवून उत्तराची वाट बघत होती आणि दाराशी अनुजा उभी होती, काही न बोलता. मी खडू ठेवला. "जोतीराम, मला कंटाळा येत नाही," मी म्हणालो. "मला हिचे पाय आवडतात. पहिल्यापासून. हिला बघायला गेलो तेव्हा मी लाजलो म्हणून मान खाली घातली असं सगळे सांगतात. तसं नव्हतं. मी पाय बघत होतो. का आवडतात ते मी पुष्कळ शोधलं, तीन-चार उत्तरं सापडली, एकही पुरं पडलं नाही. ते राहू दे. पण जे आवडतं ते माणूस रोज बघतो, त्याला आठवण करावी लागत नाही. आणि एक सांगतो. ते आवडतात म्हणूनच मी जड जोडवी केली आणि ती काढायला सांगितली तेव्हा गप्प बसलो. त्यात बोट गेलं. तेव्हा नुसतं आवडून भागत नाही. काढून, उलटं करून, नीट बघावं लागतं." मग जोतीराम म्हणाले, "आयला," आणि खाली बसले, आणि बसल्यावर बायकोच्या पट्टीकडं बघू लागले. अक्काताईनं पदर तोंडाला लावला होता. ती रडतेय की हसतेय ते मला दिसलं नाही. परतताना रिक्षा बावड्याच्या कमानीपाशी आली. मग अक्काताई म्हणाली, "त्या जोडव्याचं. मी पण हट्ट केला हुता. निम्मं माझ्याकडं घाला." आणि थोड्या वेळानं, बाहेर बघत, "अनवाणी चालायचं बंद केलंय डाक्टरनं. म्हंजे फरशीवरची पावलं पण बंद." मी तिच्याकडं बघितलं. फरशीचं मी वर्गात काहीच बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी खुर्चीत पेपर धरून बसलो होतो, सवयीनं. अक्काताई नव्या मऊ चपला घालून, किल्ल्या वाजवत आली आणि देवघराकडं न जाता माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. मी कोकमाची वाटी घ्यायला उठू लागलो. "बसा. तेल न्हाय आज, औषध न्हाय. काय न्हाय." "मग?" "द्या तो पेपर इकडं. एवढी वर्षं धरताय, वाचताय कुठं?" तिनं माझ्या हातातून पेपर घेतला, फरशीवर पसरला, डावी चप्पल काढली आणि ओलं पाऊल त्यावर नीट दाबून टेकवलं. मग उचललं. अक्षरांवर टाच उमटली, कमान कोरडी राहिली, पुढं चवडा, एक मोठा ठिपका, मोकळी जागा, आणि तीन ठिपके. कागद पाणी पीत होता, कडा पसरायला लागल्या होत्या. तिनं पाय माझ्या मांडीवर ठेवला, बोटांच्या मधली ओल पुसायला माझ्या हातात पंचा दिला आणि म्हणाली, "वाळायच्या आत बघा की."